‘तुमच्या मुलात काय दडलंय?’ ही ओळ माझी आहे

“ताई, हे बघ गं. ओमचं करून घ्यावं का?”

मावसबहिणीचा हा मेसेज रात्री पावणेअकराला आला. सोबत एक लिंक होती आणि लिंकवर चित्र. सात-आठ वर्षांचा मुलगा, एका हातात बॅट, दुसऱ्या हातात रंगाचा ब्रश, नजर वर आभाळाकडे. चित्रावर ठळक पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुमच्या मुलात काय दडलंय?’

ती ओळ मी लिहिली होती. तीन आठवड्यांपूर्वी, ज्या टेबलाशी बसून तो मेसेज वाचला त्याच टेबलाशी.

मी नाशिकला राहते आणि गेली चौदा वर्षं जाहिरातींचं मराठी लिहिते. पुण्या-मुंबईच्या एजन्सीज इंग्रजी मजकूर पाठवतात, मी त्याचं मराठी करते, कधी मूळच मराठीत लिहून देते. ठिबक सिंचन, पतसंस्था, प्रेशर कुकर, ऑनलाइन शिकवण्या, सगळं लिहून झालंय. काम मला मनापासून आवडतं. चांगली ओळ सापडली की दिवसभर अंगात हुशारी राहते, आणि ही ओळ सापडली तेव्हाही तसंच झालं होतं. इंग्रजीत भलंमोठं वाक्य होतं, जनुकीय क्षमतेचं कुलूप उघडा अशा धर्तीचं. मी ‘दडलंय’ हा शब्द काढला. जमिनीत धन दडलेलं असतं आणि अंगात दुखणंही दडलेलं असतं. आईला त्या एका शब्दात दोन्ही ऐकू येतात. एजन्सीतल्या मुलीचा लगेच फोन आला, “मॅडम, क्लायंट एकदम खूश.”

विकायचं होतं ते असं. एक डबी, डबीत एक नळी. मुलानं नळीत खुणेपर्यंत थुंकायचं. झाकण दाबलं की त्यातलं द्रावण लाळेत मिसळतं. कुरिअरवाला घरून घेऊन जातो आणि महिना-सव्वा महिन्यानं फोनवर पन्नास पानांचा रंगीत अहवाल येतो. मूल वेगानं धावणारं की दमानं धावणारं, गणिताकडे ओढा की भाषेकडे, दूध सोसेल का, स्वभाव चिडका होईल का, पुढे मधुमेह होईल का. किंमत १४,९९९ लिहून त्यावर काट मारायची आणि शेजारी ५,९९९ लिहायचं. पानाच्या वरच्या बाजूला उलटं पळणारं घड्याळ, ‘सवलत संपायला १४ मिनिटं’. पान बंद करून पुन्हा उघडलं की ते घड्याळ पुन्हा चौदावर येतं. मी तपासायला म्हणून दिवसभरात सात-आठ वेळा उघडलं, दर वेळी चौदाच मिनिटं.

एजन्सीनं दिलेल्या कागदात ‘कोणासाठी’ या रकान्यात लिहिलं होतं: ३० ते ४५ वयाच्या आया, पुणे, नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूर, नागपूर, ज्यांनी अलीकडे मुलांचे क्लास, ऑलिंपियाड किंवा बालमानसतज्ज्ञ शोधलेत अशा. ‘भावना’ या रकान्यात दोनच शब्द होते: गिल्ट, होप.

माझी आणि त्यांची एका शब्दावरून बरीच ओढाताण झाली. इंग्रजीत सगळीकडे ‘रिस्क’ होतं. मी पहिल्या खर्ड्यात ‘शक्यता’ लिहिलं: ‘मधुमेहाची शक्यता सरासरीपेक्षा थोडी जास्त’. ते खोडून ‘धोका’ करून आलं. मी म्हटलं, धोका म्हणजे विजेच्या डीपीवरचं कवटीचं चित्र. इथे एवढंच म्हणायचंय की शंभरांत दहाच्या ऐवजी कदाचित बारा. मग ‘जोखीम’ सुचवला. तोही नको झाला, कारण जोखीम आपण होऊन पत्करायची असते, ती वाचून पोटात गोळा येत नाही. शेवटी मी ‘धोका’ कबूल केला. पैसे ठरलेले होते, तारीख गाठायची होती, आणि एका शब्दानं असं काय होतं, असं मी स्वतःला सांगितलं. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला हे म्हणण्याचा हक्क नाही. मला ते तेव्हाही ठाऊक होतं.

मग गोपनीयता धोरण आलं, नऊ पानी. मी विचारलं, याचं मराठी कधीपर्यंत हवंय? उत्तर आलं, ते इंग्रजीतच राहू दे, आपल्या कामात धरलेलं नाही. बोलावणं मराठीत आणि अटी इंग्रजीत. मी ती नऊ पानं वाचली. लाळेचा नमुना कंपनी ठेवून घेऊ शकते. नाव-गाव काढलेली माहिती संशोधनासाठी इतरांना देता येते. कंपनी विकली गेली किंवा दुसरीत विलीन झाली तर माहितीही तिच्याबरोबर जाते. मुलाच्या वतीनं आईनं एका चौकोनात टिक करायची, आणि तो चौकोन ‘ऑर्डर करा’ या बटणाच्या खाली, फिकट राखाडी अक्षरांत.

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट. मी लिहिताना ओळी मोठ्यानं म्हणून बघते. ‘आज ५,९९९ खर्च करा, उद्या चुकीच्या क्लासवर जाणारे लाखो रुपये वाचवा’ ही ओळ म्हटली आणि स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. हातात निवडायची मेथी तशीच. म्हणाली, “ही जाहिरात तू कुठे ऐकलीस?” आई १९८० च्या दशकात डोंबिवलीहून व्हीटीला नोकरीला जायची. तेव्हा मुंबईत गर्भजल तपासणीच्या जाहिराती असत. आज पाचशे रुपये खर्च करा आणि पुढचे पाच लाख वाचवा, अशा अर्थाच्या. पाच लाख म्हणजे मुलीचा हुंडा. आईच्या पोटात तेव्हा मी होते. “डब्यात रोज नजरेसमोर असायची गं ती पाटी,” एवढंच बोलून ती आत गेली.

ती तपासणी मुळात गर्भातले गंभीर आजार ओळखण्यासाठी आलेली. जाहिरातीनं तिला दुसऱ्याच कामाला लावलं. त्याविरुद्ध कार्यकर्त्यांनी रान उठवलं आणि १९८८ साली महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा कायदा केला. केंद्राचा १९९४ साली आला. त्या कायद्यात गर्भलिंगनिदानाची जाहिरात करणं हासुद्धा गुन्हा आहे. पुढे जाहिराती इंटरनेटवर गेल्या तेव्हा २००८ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली, आणि गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांना असल्या जाहिराती रोखण्याचे आदेश मिळाले. अंतिम निकाल डिसेंबर २०१७ चा. म्हणजे चाचणीची जाहिरात माणसाचं काय करू शकते हे आपल्या राज्याला फार आधीपासून कळलेलं आहे. माझ्या ओळीचा आणि त्या पाटीचा साचा एकच निघाला. मी ती ओळ काढून टाकली. बाकीचं पान मात्र पाठवून दिलं.

आणि ते पान फिरून माझ्याच घरात आलं.

माझी ही मावसबहीण संगमनेरला असते. तिला दोन मुलं. मनू अकरा वर्षांची, ओम सहा वर्षांचा. मनूला थॅलेसेमिया मेजर आहे, शरीरात पुरेसं रक्त न बनण्याचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवायला नाशिकला आणतात, आणि शक्य असेल तेव्हा मी त्यांच्याबरोबर वॉर्डात बसते. आदल्या दिवशी जुळवणीसाठी रक्त घेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी येते. सिस्टर पिशवीवरचा क्रमांक आणि मनूच्या कागदावरचा क्रमांक दोघींनी मिळून मोठ्यानं वाचतात, मग फिल्टर लावून थेंब सुरू होतो. पिशवी संपायला तीन-चार तास लागतात. मनू उजव्या हाताला सुई लावू देत नाही, कारण तिला चित्र काढायची असतात. डाव्या हाताच्या शिरा आता सापडत नाहीत. त्यामुळे दर खेपेला आधी पाच मिनिटं वाटाघाटी होतात, आणि बहुतेक वेळा मनू हरते. मग ती डाव्या हातानं चित्र काढते. रक्ताबरोबर शरीरात लोह साठत जातं, ते काढायला रोज गोळी विरघळवून प्यायची असते. त्या पाण्याची चव तिला इतकी नकोशी आहे की पेला दिसला तरी तोंड फिरवते.

हे टळू शकलं असतं का, हा प्रश्न आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. पण उत्तर सगळ्यांना माहीत आहे. आई आणि वडील दोघंही थॅलेसेमिया मायनर असले तरच मूल मेजर होतं. मायनर माणसाला काही होत नाही, तो ठणठणीत असतो, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. मनूच्या वेळी बहिणीचं हिमोग्लोबिन साडेनऊ होतं. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, बीट-पालक खा म्हणून सांगितलं. रिपोर्टमध्ये रक्तपेशींचा आकारही लहान दाखवला होता. तो आकडा कोणी वाचला नाही. तेव्हाच ‘एचबी ए-टू’ या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचं प्रमाण मोजलं असतं तर कळलं असतं. हे प्रमाण साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं की माणूस मायनर असण्याचा दाट संशय घेतात. त्यासाठी डीएनएसुद्धा तपासावा लागत नाही, साध्या रक्तावर एका यंत्रात होणारी तपासणी आहे. पुढे आम्ही सगळ्या मावस-मामे भावंडांनी करून घेतली, माणशी हजाराच्या आत झाली. मी मायनर नाही. माझा मामेभाऊ निघाला.

ओमच्या वेळी सगळं वेगळं घडलं. मुंबईत आधी दोघांच्या जनुकांत नेमकी कुठे चूक आहे ते शोधलं, मग बाराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा बारीकसा तुकडा काढून गर्भ तपासला. ती खरीखुरी जनुकीय चाचणी. तिच्या आधी एक समुपदेशक बाई दोघांशी दीड तास बोलल्या. मी बाहेर बाकावर होते. बहिणीनं नंतर सांगितलं की त्यांनी केसपेपरच्या मागे चार गोल काढले. एक पूर्ण रंगवलेला, दोन अर्धे, एक कोरा. आणि म्हणाल्या, “निकाल आल्यावर तुम्ही काय कराल, हे आपण निकालाआधी बोलू या.” दोन आठवड्यांनी फोन आला: मायनर. म्हणजे अर्धा गोल. त्या दिवशी मावशीनं गल्लीत पेढे वाटले, आणि कशाचे ते कोणाला सांगितलं नाही.

आता तिचा मेसेज पुन्हा वाचा. जिनं खरी चाचणी अंगावर घेतली आहे, जिला अर्धा गोल आणि पूर्ण गोल यातलं अंतर रोज सकाळी पेल्यात विरघळवावं लागतं, ती मला विचारत होती, ओमचं हे करून घ्यावं का. मला आधी राग आला. तिला एवढंही कळू नये? मग तो राग जिथे जायला हवा तिथे आला.

त्या रात्री मी ज्या विषयावर लिहिलं होतं तो विषय पहिल्यांदा वाचला.

अहवालातल्या ‘धावण्याच्या’ पानाचा आधार एक जनुक होतं, एसीटीएन-थ्री. स्नायूंमधल्या झटकन आकसणाऱ्या तंतूंत एक प्रथिन असतं, ते या जनुकामुळे तयार होतं. जगातल्या सुमारे १८ टक्के लोकांत ते तयारच होत नाही, आणि त्यांचं काही अडत नाही. अव्वल धावपटूंच्या गटात त्याचं चालू रूप जास्त दिसतं, हे खरं. पण गटात दिसणारी गोष्ट एका सहा वर्षांच्या मुलाला लावता येत नाही. २०१५ साली या विषयातल्या तज्ज्ञांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये एकत्र निवेदन दिलं की खेळातली मुलं हेरायला या थेट विकल्या जाणाऱ्या चाचण्यांचा काही उपयोग नाही, आणि मुलांवर त्या करूच नयेत. हे निवेदन माझ्या हाती असलेल्या इंग्रजी मजकुरापेक्षा कितीतरी जुनं. गणित, भाषा, स्वभाव यांचं तर याहून अवघड, कारण त्यांत डीएनएतल्या हजारो ठिकाणांचा तिळातिळाचा वाटा आणि वर घर, शाळा, झोप, शिक्षक.

आणि ते वाचतात किती? आपल्या डीएनएत सुमारे तीनशे कोटी अक्षरं. असल्या स्वस्त चाचणीतली चिप त्यातली साधारण सहा-सात लाख ठिकाणं बघते. ही ठिकाणं महत्त्वाची असतात, पण कोणाच्या दृष्टीनं महत्त्वाची हा प्रश्न उरतोच. या विषयावरच्या जगभरच्या मोठ्या अभ्यासांतली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची आहेत. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी निगडित असा एक बदल दाखवून दिला, २५ अक्षरांचा तुकडा गळालेला, भारतात सुमारे चार टक्के लोकांत आढळणारा. तो शोधायला आपल्याकडचीच माणसं तपासावी लागली. आता जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे संपूर्ण जीनोम वाचून झालेत, जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. म्हणजे आपल्याकडच्या मुलांसाठी ज्या तक्त्याशी ताडून बघायचं तो तक्ता आत्ता कुठे तयार होतोय, आणि मी लिहिलं होतं, ‘अचूक, वैज्ञानिक, फक्त तुमच्या मुलासाठी’.

अमेरिकेत हे सगळं आधी घडून गेलंय. तिथल्या संसदेसाठी काम करणाऱ्या ‘गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस’नं २०१० साली चार कंपन्यांकडून प्रत्येकी दहा चाचण्या विकत घेतल्या, २९९ ते ९९९ डॉलरच्या. लाळ देणारी माणसं पाचच होती. प्रत्येकाचा एक नमुना खऱ्या माहितीसह आणि दुसरा खोट्या वयाच्या, खोट्या वंशाच्या, खोट्या आजारांच्या माहितीसह पाठवला. एकाच माणसाला प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दल एका कंपनीनं सरासरीपेक्षा कमी, दुसरीनं सरासरी, तिसरीनं सरासरीपेक्षा जास्त असं सांगितलं. लाळ तीच. त्याच तपासात ग्राहक बनून फोन केले, तेव्हा स्तनाच्या कर्करोगाची रिस्क सरासरीपेक्षा जास्त म्हणजे तो जवळजवळ होणारच, असंही फोनवरच्या माणसानं सांगितलं. हे वाचताना मला माझा ‘धोका’ आठवला. मराठीत मी ते फोनशिवायच सांगून टाकलं होतं.

या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं नाव ट्वेंटीथ्री अँड मी. २००७ साली ९९९ डॉलरला सुरू झालेली त्यांची चाचणी २०१२ च्या डिसेंबरात ९९ डॉलरवर आली. नोव्हेंबर २०१३ मध्ये एफडीए या अमेरिकेतल्या औषध नियामक संस्थेनं पत्र पाठवून आरोग्याबद्दलचे अहवाल विकणं थांबवायला सांगितलं. पुढे टप्प्याटप्प्यानं काहींना मंजुरी मिळाली. २०१८ च्या मार्चमध्ये स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांच्या चाचणीलाही मिळाली, पण फक्त तीन बदलांसाठी, जे प्रामुख्यानं अश्केनाझी, म्हणजे मूळच्या युरोपातल्या ज्यूंमध्ये आढळतात. या जनुकांतले हजाराहून जास्त बदल माहीत आहेत. मराठी बाईच्या हातात ‘आढळलं नाही’ असा कागद आला तर तिला त्याचा अर्थ कोण समजावणार? मंजुरी देताना एफडीएनं हे स्पष्ट लिहिलंय. पण जाहिरातीच्या ओळीत ते मावत नाही, हे मी धंद्यातली म्हणून सांगते.

याच कंपनीतून २०२३ साली ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा तिच्याकडे सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती होती आणि ती कोणाच्या हातात जाणार यावर न्यायालयात बोली लागली. शेवटी मूळ संस्थापकांपैकी अ‍ॅन वोजिस्की यांच्याच ना-नफा संस्थेनं ३० कोटी ५० लाख डॉलरला ती घेतली. न्यू जर्सीतली माझी नणंद अशाच एका कंपनीची किट दर थँक्सगिव्हिंगला सवलतीत घेऊन घरातल्यांना भेट द्यायची, माझ्या सासऱ्यांचीही लाळ तिनं पाठवली होती. ही बातमी आल्यावर तिनं आपली माहिती पुसायचा अर्ज केला. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नावाचा पासवर्ड कोणाला माहीत नाही. आणि त्यांचं अर्धं जनुकीय देणं माझ्या नवऱ्यात आहे, पाव माझ्या मुलीत. तिला कोणी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी मी पहिल्या एसटीनं संगमनेरला गेले. फोनवर हे बोलायचं नव्हतं.

बहीण ओट्याशी उभी राहून मनूची गोळी विरघळवत होती. मी शास्त्रापासून सुरुवात केली, चिप, अक्षरं, खेळाडू. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते असेल गं. पण ताई, मनूचं मला सगळं माहितीय. हिमोग्लोबिन किती, फेरिटिन किती, मागच्या पिशवीला ताप आला होता की नाही, कुठल्या हाताची शीर मिळाली. ओमचं मला काहीच माहीत नाही. शाळेत त्याचा मित्र कोण आहे तेसुद्धा मला सासूबाईंना विचारावं लागतं. मायनर आला, आम्ही सुटलो म्हटलं, आणि त्याच्याकडे बघायचंच राहून गेलं. ती जाहिरात वाचली ना, तेव्हा वाटलं, कोणीतरी माझ्याशीच बोलतंय.”

मी सांगितलं की ती मीच लिहिली आहे.

ती चमचा फिरवायची थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “छान लिहिलंयस.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मला अजून सहन होत नाही.

दुपारी मी ओमला घेऊन एसटी स्टँडवर गेले, परतीची गाडी बघायला. तो फलाटाच्या कठड्यावर चढून बसला आणि गाडी वळणावर दिसली की पाटी वाचायच्या आत नाव सांगायला लागला. “ही अकोले. ही शिर्डी, हिचा पुढचा दिवा फुटलाय. ही पुणे-नाशिक, हिचा ड्रायव्हर काका मला हात करतो.” खरंच त्या ड्रायव्हरनं हात केला. मी ते बहिणीला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, थांबा तिथेच, येते. आली, पायात घरातल्या चपला तशाच, आणि तिघं मिळून आम्ही तीन गाड्या जाऊ दिल्या.

एजन्सीला मी लिहिलं की ती ओळ आणि ‘धोका’ हा शब्द काढा, पैसे परत करते. मजकूर आता क्लायंटच्या मालकीचा आहे असं उत्तर आलं. ते खरंच आहे, करारावर माझी सही आहे. जाहिरात अजून चालू आहे. मी त्या विषयाचं काम घेत नाही. माझ्या जागी दुसरं कोणी लिहीत असेल, कदाचित माझ्याहून चांगलं.

मला राहून राहून वाटतं ते हे की ज्या तपासण्यांनी आपल्याकडच्या मुलांचं आयुष्य खरंच बदलतं त्यांना जाहिरात नसते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारासाठीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांना तपासायचं ठरलं. नंदुरबार आणि गडचिरोलीच्या पाड्यांवर आशाताई दारोदार जाऊन बोटाचं रक्त घेतात. त्यांच्याकडे उलटं घड्याळ नाही, काट मारलेली किंमत नाही. त्यांच्यासाठी ओळ लिहायला आजवर मला कोणी बोलावलेलं नाही, आणि मीही कधी विचारायला गेले नव्हते.

मग गेले. पाड्यावर नाही, आमच्याच वॉर्डात. सिस्टरना म्हटलं, भिंतीवर लावायला एक कागद लिहून देते, फुकट. पहिला खर्डा घेऊन गेले त्यात होतं: ‘आई-वडील दोघंही मायनर असल्यास बाळ मेजर असण्याची शक्यता २५ टक्के.’ शब्द माझ्या मते अचूक होता. सिस्टरनी वाचून कागद परत दिला. म्हणाल्या, “टक्के नको. चारात एक लिहा. आणि नुसतं चारात एक पण नको, नाहीतर लोक म्हणतात, पहिलं मेजर झालं, आता पुढची तीन चांगली. माझ्यासमोर बसून म्हणालेत. ‘प्रत्येक वेळी चारात एक’ असं लिहा.” मी लिहिलं. खाली चार गोल काढले. ते बघून मनूनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि डाव्या हातानं गोलांना डोळे-नाक-तोंड काढलं. पूर्ण रंगवलेल्या गोलाच्या डोक्यावर तिनं रिबन बांधली. तो कागद तसाच लावलाय. वर मोठ्या अक्षरांत: ‘लग्न ठरवण्याआधी, नाहीतर दिवस राहिल्या राहिल्या, एकदा एचबी ए-टू तपासा. दोघांनी.’

गेल्या खेपेला मनूची पिशवी निम्मी झाली होती तेव्हा एक मुलगा आत आला, सत्तावीस-अठ्ठावीसचा, कोणाला तरी डबा द्यायला आलेला. भिंतीपाशी थांबून त्यानं कागद वाचला, मोबाइलवर फोटो काढला. माझ्याकडे वळून म्हणाला, “मावशी, हे उपाशीपोटी करायचं असतं का?”

“नाही,” मनू म्हणाली, “खाऊन आलात तरी चालतं.”